घरात भरलेली शाळा

रायपूरच्या विमानतळाला स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. शहराच्या मधोमध असलेल्या बुढा तालाबालाही त्यांचंच नाव दिलं आहे आणि त्या तळ्यात त्यांचा बैठा पुतळा आहे. कोलकात्याबाहेर त्यांच्या लहानपणाचा सर्वांत मोठा काळ याच गावात गेला, हे रायपूरकर अभिमानाने सांगतात. त्या काळात नरेंद्र शाळेत मात्र जात नव्हता. १८७७ साली वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त इथे राहायला आले आणि घरची मंडळी मागून आली. रायपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. शेवटचा पल्ला जंगलातून बैलगाडीने गाठावा लागला. चौदा वर्षांच्या मुलाला घालावं अशी शाळा गावात नव्हती, असं चरित्रकार सांगतात. मग वडिलांनीच शिकवायला घेतलं. पुस्तकं थोडी आणि वाद फार, असा तो अभ्यासक्रम. घरी आलेल्या विद्वानांशी मुलाने बरोबरीने बोलावं, चुकलं तर चुकलं, अशी वडिलांची रीत होती. १८७९ मध्ये कुटुंब कोलकात्याला परतलं आणि नरेंद्र प्रवेश परीक्षा पहिल्या वर्गात पास झाला.

होमस्कूलिंग हे अलीकडचं, पुण्या-बंगळुरूच्या पैसेवाल्या घरांतलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी रायपूरच्या बुढापाऱ्यात एक चक्कर मारावी. मूल शाळेत न पाठवता घरी वाढवण्याची गोष्ट या गावाला नवी नाही. ती करणारी ख्रिस्ती आई असली की प्रश्न जरा अवघड होतो, कारण मग त्यात श्रद्धा येते. मुलाला गणित-भाषा शिकवता शिकवता देवही शिकवायचा का, शिकवायचा तर कसा, आणि मुलाने तो नाकारला तर काय करायचं? अमेरिकेत आज घरी शिकणाऱ्या मुलांच्या मोठ्या हिश्शाला हेच प्रश्न लागू आहेत. तिथली आधुनिक चळवळ १९८०च्या दशकात मुख्यतः ख्रिस्ती आईबापांनी वाढवली आणि १९९३ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत घरचं शिक्षण कायदेशीर झालं. पण मराठी वाचकाला त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडे या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज नव्वद वर्षांपासून पडून आहे, आणि त्याच्या गोष्टीतलं एक मोठं वळण रायपूरपासून सत्तर-एक किलोमीटरवर घडतं.

मुंबई-हावडा मार्गावर नागपूर सोडलं की गोंदिया, डोंगरगड, मग राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर. राजनांदगाव हे तेव्हा बैरागी महंतांचं छोटं संस्थान होतं. (पुढे इथल्याच दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकवायला आले. घरची भाषा मराठी, लिहिलं सगळं हिंदीत, आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. या पट्ट्यात असं बरंच सापडतं.) १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून इथे नोकरीसाठी निघाले. तिशीतले, संस्कृत जाणणारे, कविता करणारे, कुठेही फार काळ न टिकणारे. डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. कवितेवरून बोलणं निघालं, धर्मावर आलं, आणि उतरताना वॉर्ड यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला. हे पुस्तक वाचत राहिलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही ते म्हणाले. टिळकांनी वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वॉर्ड यांचा अंदाज जवळजवळ तारखेनिशी खरा ठरला.

या गोष्टीची नायिका, टिळकांची बायको लक्ष्मीबाई, त्या डब्यात नव्हती. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८च्या सुमाराचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडील नाना यांच्या सासऱ्यांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यातून नानांना सोवळ्याचं वेड लागलं आणि बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. अशा घरातून अकरा-बारा वर्षांची मुलगी १८८० मध्ये टिळकांच्या घरी आली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. अक्षरओळख करून दिली ती नवऱ्याने, घरातच आणि सवडीने. शिक्षक म्हणून टिळक कसे होते? तापट, लहरी, मनात आलं की घर सोडून निघून जाणारे. हाती पैसा आला की तो गरजवंताला देऊन मोकळे होत, आणि मग चुलीचं काय करायचं हे बायकोने बघायचं. असा गुरू कोणी मुद्दाम निवडणार नाही. तरी ‘स्मृतिचित्रे’, म्हणजे वर म्हटलेला दस्तऐवज, लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र, वाचताना वाटतं की त्या घरात शिकवण्याचा एक नियम होता आणि तो टिळकांनी कधी मोडला नाही: विचार करायला लावायचं, पण कबुली काढून घ्यायची नाही.

तो नियम कसोटीला लागला बाप्तिस्म्यानंतर. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू होता. त्या खचल्या. कधी विहिरीकडे, कधी अन्नावर वासना नाही, अशी गत. त्यांना सावरलं मोठ्या बहिणीने, भिकुताईने, आणि मेहुण्यांनी, पंढरपूरच्या पेंडशांनी. पुढची साडेचार-पाच वर्षं माय-लेक टिळकांपासून दूर राहिले. आजच्या भाषेत अशा आईला सिंगल मदर म्हणतील. तेव्हा त्याला नाव नव्हतं, फक्त टोमणे होते. याच काळात, नवरा बाटला म्हणून हळहळणाऱ्या माणसांच्या गराड्यात, कमी शिकलेली ही बाई कविता करू लागली आणि नवऱ्याला पत्रं लिहू लागली. दत्तू वाढत होता तो अशा आईच्या हाताखाली, जी स्वतः अजून शिकत होती.

पुढे त्या नगरला टिळकांकडे गेल्या, त्याही आपल्या अटींवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं-ओवळं जसंच्या तसं. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात ब्राह्मण बाईची वेगळी चूल पेटते, आणि नवरा ते चालू देतो, हे दृश्य नीट बघण्यासारखं आहे. टिळक तेव्हा नगरला मिशनरी ह्यूमसाहेबांच्या सेमिनरीत शिकवत होते. त्यांच्यावर मिशनचा दाब नसेल असं कसं म्हणावं? बायकोला अजून वळवता येत नाही, हे कुजबुजणारे दोन्हीकडे असणार. तरी त्यांनी घाई केली नाही. आणि मग एक दिवस, कोणी प्रवचन न देता, लक्ष्मीबाईंचं त्यांनाच उलगडत गेलं. माणसाला देवाने घडवलं. जाती कोणी केल्या? पशुपक्ष्यांत जशा जाती दिसतात तशा माणसांत दिसतात का? जन्म एकसारखा, मरण एकसारखं, मग मधल्या वेळेत शिवाशिव कुठून आली? विचार संपला तेव्हा सोवळं संपलं होतं. यापुढे कोणाच्याही हातचं खाईन-पिईन, असं त्यांनी टिळकांना सांगून टाकलं. लहानपणी वडिलांच्या घरात जे धुऊन धुऊन अंगात मुरवलं गेलं होतं, ते त्यांनी एका बैठकीत उपसून काढलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घ्यावा: आधी जात गेली, मग धर्म आला. धर्मांतराबद्दल आपल्याकडे जे कर्कश बोललं जातं, त्यात या क्रमाला जागाच नसते.

एक मात्र कबूल करायला हवं. टिळकांनी सक्ती केली नाही हे खरं, पण न विचारता बाप्तिस्मा घेऊन त्यांनी बायकोला ज्या पेचात टाकलं ती काही कमी सक्ती नव्हती. लक्ष्मीबाईंनी ते विनोदाने आणि न रडता लिहिलं, म्हणून आपण ते सहज वाचून जातो. वाचणाऱ्याने थोडं थांबावं.

नगरचं ते घर पुढे शाळाच झालं. घरी मुलं राहायला येत, शिकत, जेवत. त्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ‘बालकवी’ झाला आणि टिळकांच्या मनात भरला. टिळकांनी त्याला घरी आणलं. इंग्रजी शिकवायचं, वाचायला लावायचं, हे टिळकांचं काम. हळवं, रुसणारं, कुठेतरी हरवलेलं ते पोर सांभाळायचं, हे लक्ष्मीबाईंचं. बालकवी १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. ठोमरे हिंदू, घर ख्रिस्ती. त्याला ख्रिस्ती करण्याचा उद्योग त्या घराने केला नाही. टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते, मुलांच्या ‘बालबोधमेव्या’तही लिहीत, म्हणजे धर्मप्रसार हाच त्यांचा व्यवसाय. तरी पंगतीला बसलेल्या पोराला त्यांनी त्यात ओढलं नाही. १९१७ मध्ये तर टिळकांनी अमेरिकन मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत.

आता पंडिता रमाबाईंकडे वळतो, कारण घरी शिकवणाऱ्या आईचं चित्र त्यांच्या लहानपणात फार जवळून दिसतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावाने वाळीत टाकायची वेळ आणली, आणि ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. त्यांच्या बायकोचं नावही लक्ष्मीबाई. दिवसभर घरकाम, विद्यार्थी, पै-पाहुणे. मुलीला शिकवायला वेळ उरे तो फक्त पहाटेचा. अजून अंधार असतानाच आई मुलीला उठवी, झोपेने जड झालेलं अंग कुशीत घेऊन, लाडाचे शब्द बोलत. पाखरं जागी होत असत. पाठ तोंडीच असे. आईच्या तोंडून ऐकायचं आणि म्हणायचं, हाती पोथी नाही. मग आई कामाला लागे. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हे चाललं. भागवताचे हजारो श्लोक मुलीच्या डोक्यात बसले ते तिथे. १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, ती पदवी पहाटेच्या त्या शाळेची होती. अमुक शाळा, तमुक बोर्ड याबद्दल आपण आज जी घालमेल करतो तिच्यापुढे हे चित्र ठेवून बघावं.

आणि हीच मुलगी पुढे ख्रिस्ती आई झाली. मनोरमाचा जन्म १८८१ चा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इथे एक विसंगती आहे. जिला आईने कुशीत घेऊन शिकवलं, तिला स्वतःच्या मुलीला वर्षानुवर्षं दूर ठेवावं लागलं: कधी वाँटेजच्या सिस्टरांकडे, कधी अमेरिकेतल्या शाळेत. कामाचा डोंगर होता. १८८९ मध्ये मुंबईत त्यांचं विधवा मुलींसाठीचं शारदा सदन सुरू झालं, मग ते पुण्याला गेलं. १८९३ मध्ये तिथे वादळ उठलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, बाटतील, अशी ओरड झाली. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचं म्हणणं असं होतं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार बंद करणार नाही, कोणी येऊन बसलं तर हाकलणार नाही आणि बोलावणारही नाही. त्यांच्या मताशी पूर्ण जुळवून घेता येत नाही. आश्रयाला आलेल्या पोरक्या मुलीवर आश्रय देणाऱ्या बाईचा जो न बोलता दाब पडतो, तो रानड्यांना दिसत होता आणि रमाबाईंना बहुधा दिसत नव्हता.

तेच १८९३ साल. राजनांदगावच्या गाडीत टिळक नवा करार उघडतात, पुण्यात शारदा सदनावरून रण माजतं आणि रायपूरला दोन वर्षं घरी शिकलेला मुलगा सप्टेंबरात शिकागोला बोलायला उभा राहतो. पुढे १८९५ मध्ये रमाबाईंच्या कामाला मदत करणाऱ्या ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळातल्या बायका आणि विवेकानंद यांची हिंदू विधवांच्या स्थितीवरून वर्तमानपत्रांत चांगलीच जुंपली. घरात शिकलेल्या दोन माणसांच्या नावाने, दोन धर्मांच्या बाजूने, परक्या देशात भांडण चाललं होतं. नरेंद्रला वडिलांनी वाद घालायला शिकवलं होतं, ते वाया गेलं नाही.

रमाबाईंचा या भागाशी, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांताशी, संबंध दुष्काळातून येतो. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-विधवांना घेऊन आल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शिवणकाम, शेती, छापखाना, अक्षरओळख. एका आईने पहाटे एका मुलीला शिकवलं त्याचं हे झालेलं रूप.

रायपूरच्या आजच्या ख्रिस्ती आईकडे परत येऊ. छत्तीसगडात प्रोटेस्टंट मिशनचं काम १८६८ मध्ये ऑस्कर लोर यांनी विश्रामपूरला, सतनामी समाजात सुरू केलं. म्हणजे इथली कित्येक ख्रिस्ती घरं चार-पाच पिढ्यांची आहेत. नवी, बाहेरून आलेली म्हणून त्यांच्याकडे बघणं इतिहासाला धरून नाही. पण संशय जुना आहे आणि त्याचा एक धागा नागपूरपर्यंत येतो. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी होते. अहवाल १९५६ चा. त्या वातावरणातून १९६८ चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा आला आणि २००० साली राज्य वेगळं झालं तेव्हा तो छत्तीसगडकडे आला. ह्या कायद्याचा आईने आपल्या मुलाला घरी प्रार्थना शिकवण्याशी काही संबंध नाही. तरी शाळेत न जाणारं ख्रिस्ती मूल म्हटलं की शेजाऱ्यांच्या भुवया जरा जास्त उंचावतात, हे समजून घ्यायला फार कल्पना लागत नाही.

शाळेचा कायदा वेगळा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे त्याच्या दहाव्या कलमाने पालकांचं कर्तव्य ठरवलं, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितली नाही. त्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका केंद्राने तिथे मांडली. म्हणून आज घरी शिकणाऱ्या बहुतेक मुलांची वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून जाते. तिचं प्रादेशिक केंद्र रायपुरात आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा. विषयांच्या यादीत मराठीही आहे. त्याआधीच्या वयासाठी मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. जर्मनीसारख्या देशात शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवणाऱ्या आईबापांना न्यायालयात उभं राहावं लागतं. त्या मानाने आपल्याकडे मोकळीक बरीच.

प्रश्न कायद्यापेक्षा घराचा आहे. घरी शिकवणारे पालक दोन कारणांनी तसं करतात. काहींना मुलाला जास्त जग दाखवायचं असतं, काहींना कमी. दुसऱ्या कारणाची माणसं सगळ्या धर्मांत आहेत. इंग्लंडातल्या शार्लट मेसनचं नाव ख्रिस्ती होमस्कूलिंगमध्ये फार घेतलं जातं: छोटे पाठ, उत्तम पुस्तकं, वाचलेलं आपल्या शब्दांत सांगणं, रोज उघड्यावर फिरणं. पद्धत चांगलीच आहे. पण ही सगळी पद्धत पाळून, एकाही परक्या मुलाला घरात न येऊ देता, तयार पुस्तकांतून पक्की उत्तरं घोटवून घेणारं घर चालवता येतं, आणि तसं चालवलेलं घर मला शाळेहून वाईट वाटतं. वर्गात निदान दुसऱ्या जातीचं, दुसऱ्या धर्माचं पोर शेजारी बसतं. नगरच्या टिळकांच्या घरात वेळापत्रक नव्हतं, पैसा नव्हता, शिक्षक तापट होता. पण परकं पोर होतं, वेगळी चूल चालत होती आणि पाच-पाच वर्षं उत्तराची वाट बघितली जात होती.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध काव्याचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढे चौसष्ट अध्याय लिहिले. आणि ‘स्मृतिचित्रे’ तर मुलामुळे झाली. देवदत्तला, म्हणजे त्या दत्तूला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याने आईला आठवणी टिपून द्यायला सांगितलं. त्या आठवणींतून वडिलांपेक्षा आईच मोठी होऊन उभी राहिली. पहिला भाग १९३४ मध्ये आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा शेवटचा भाग मुलाच्या हाती होता. घरात शिकलेल्या बाईने लिहिलेलं आणि तिनेच शिकवलेल्या मुलाने पुरं करून छापलेलं हे पुस्तक मराठी गद्यातल्या पहिल्या दोन-चारांत मोजावं लागतं.

रायपुरात, दुर्गात, राजनांदगावात मराठी घरं अजून पुष्कळ आहेत, पण तिथल्या मुलांचं शिक्षण हिंदीत नाहीतर इंग्रजीत होतं आणि मराठी फक्त जेवणाच्या ताटापुरती उरते. त्या घरांतल्या आईला एक सांगणं: या सुट्टीत रोज अर्धा तास ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. हिंदू घर असो की ख्रिस्ती. पोरं मध्येच प्रश्न विचारतील, विचारू द्या; उत्तर लगेच देऊ नका. पुस्तक बाजारात मिळतं आणि टपालाने रायपूरपर्यंत येतं.